घोडीचं कुरण

तापाच्या सालात बायकोला घोडीवर बसवून खानापूरला तिच्या भावाकडं पोचवायला निघालो आणि अर्ध्या चढणीवर घोडीनं गुडघे टेकले. दोष घोडीचा नव्हता. आदल्या पावसाळ्यात आम्ही दोघंही हिवतापानं आडवे होतो. उन्हाळ्याच्या गवतासाठी कुरण कुंपण घालून बंद करायचं राहूनच गेलं आणि घोडीनं ते ओरबाडून खाल्लं. उन्हाळ्याला वाळल्या गवताची काडी उरली नाही. तिच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या. अंगात ताप घेऊन बायको पुढची वाट चालली आणि भावाच्या दारात पोचल्यावर मला म्हणाली, "आता घोडी धडधाकट हुईल तवाच न्यायला या."

थट्टा होती की राग, कोण जाणे. मी मात्र तो शब्द धरून बसलो.

गुंदजवळच्या आमच्या वाडीत तेव्हा माणूस उरलं नव्हतं. तापाला भिऊन शेजारी एकेक करून निघून गेले. मी हललो नाही म्हणून मला हेकट म्हणायचे, आणि खोटं म्हणत नव्हते.

परत आलो तो कुदळ घेऊन थेट कुरणात शिरलो. करवंदीच्या जाळ्या मुळासकट खणून काढल्या. विळ्याची धार जाऊ नये म्हणून दगड वेचून कडेला लावले. घोडी जिथं लीद टाकते तिथल्या गवताला पुन्हा तोंड लावत नाही, म्हणून वाळलेली लीद फोडून सगळीकडं पसरली. मग काट्यांचं कुंपण घातलं आणि घोडीला बाहेर ठेवलं. पावसाळाभर तिला रानाच्या कडेनं चारायचो. घरी आली की ती कुंपणावरून मान घालून आतल्या हिरव्यागार गवताकडं बघत राहायची आणि मी खेकसायचो, "ते उन्हाळ्याचं हाय गं!" दिवसभरात माझं बोलणं तेवढंच. रामनगरच्या दुकानदारानं एकदा खुशाली विचारली तर घशातून आवाज फुटेना. फार एकटं वाटायचं, ते सांगायला लाज कसली?

दसऱ्यानंतर गवत कापलं, वाळवलं, पेंढ्या बांधल्या. गंजी रचायला खरं तर दोन माणसं लागतात. एकानं खालून पेंढ्या फेकायच्या, दुसऱ्यानं वर उभं राहून त्या तुडवत लावायच्या. वर नेहमी बायको असायची आणि पेंढी वाकडी आली की तिथूनच माझा उद्धार करायची. त्या साली मी पेंढ्या फेकायचो, शिडीनं वर चढून तुडवायचो, पुन्हा खाली उतरायचो. गंजी एका बाजूला कलली, पण उंची मी जराही कमी केली नाही. आल्यावर तिनं नावं ठेवायला नकोत.

चैत्रात सगळं रान करपलं तरी घोडी तुकतुकीत होती. पाठीवर नवी घोंगडी घालून तिला खानापूरला नेली. चढणीवर ती कुठं थांबलीसुद्धा नाही.

बायको बाहेर आली. चेहरा भरला होता, डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. घोडीच्या बरगड्यांवरून तिनं सावकाश हात फिरवला.

"घोडी लई झाक ठेवलीसा," ती म्हणाली.

"मग चल."

हात तसाच ठेवून ती म्हणाली, "मी न्हाई येत. तितं गेलं की परत ताप. तुमीच हितं ऱ्हावा की."

मेव्हणाही मागून म्हणाला, "व्हय दाजी, ऱ्हावा."

सासुरवाडीच्या कट्ट्यावर बसून खाणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी म्हणालो, "कुरण कोण बघंल?"

"कुणासाठी?" तिनं विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. पण माझा हेका सुटला नाही.

परतताना घोडीवर बसावंसं वाटलं नाही. लगाम धरून चालत आलो. सकाळी उठून पुन्हा कुरणातले दगड वेचायला लागलो, पावसाआधी कुंपणही घातलं. गवत दरसालसारखंच आलं. दसऱ्यानंतर गंजी मात्र बसकी रचली, खाली उभ्या एका माणसाचा हात पोचेल एवढीच.