चिंचेने धुतलेले इराणी सिंह

“सर, हिने इतिहास धुतला!” दार उघडताच कर्णिकसाहेब ओरडले. डोंबिवलीतले रिटायर्ड बँक मॅनेजर. ‘ही’, म्हणजे त्यांच्या पत्नी सुधाताई, मागे तोंड पाडून उभ्या होत्या.

मी जुन्या नाण्यांची पारख करतो. खरं-खोटं बघून रिपोर्ट देतो. साहेबांनी ऑनलाइन पाच ‘फुलूस’ मागवले होते. फुलूस म्हणजे इराणातल्या शहरांनी पाडलेली तांब्याची नाणी. एका बाजूला शहराचं नाव, दुसऱ्या बाजूला सिंह, मोर असं काहीतरी. यांच्या पाचही नाण्यांवर सिंह होता. आली तेव्हा हिरवीगार होती. सुधाताईंनी ती देवाच्या ताम्हणाबरोबर चिंच-मीठ लावून घासली. आता लखलखत होती.

जुन्या तांब्यावर चढलेला हिरवा थर हा नाण्याच्या वयाचा दाखला. तो गेला की संग्राहक रडकुंडीला येतात. कर्णिकसाहेब मात्र फोनवर बसले होते. सुधाताईंचं माहेर, दोन्ही जावा, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना ‘हिने तीनशे वर्षांचा ठेवा घालवला’ हे कळवून झालं होतं.

“रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. नुकसान चिंचेमुळे.”

मी भिंग लावलं. पाचही सिंहांच्या शेपटीवर एकच ओरखडा. तीच जागा, तोच वाक.

“ताई, खूप घासावं लागलं?”

“छे हो. पाणी लागल्याबरोबर निम्मा रंग उतरला.”

“साहेब, खरी नाणी हातोड्याने एकेक ठोकून पाडायचे. दोन अगदी सारखी निघत नाहीत. ही पाचही एकाच साच्यातून ओतलीयत. हिरवं होतं ते वरून फासलेलं.”

साहेबांनी एक नाणं उचलून उलटसुलट पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “सर, धुण्यापूर्वी खरी होती, असं लिहिता येईल का?”

खोट्याला खरं म्हणा, असं सांगणारे मला नेहमी भेटतात. पण बायको दोषी ठरावी म्हणून नाणी खरी करू पाहणारा हा पहिलाच. माझं डोकंच फिरलं. तिथेच बसून लिहिलं: नाणी बनावट. धुण्यामुळे नुकसान नाही.

सुधाताईंनी कागद दोनदा वाचला. “शिक्का मारा हो, सर.” मग नवऱ्यापुढे मोबाइल ठेवला. “आता करा फोन. माहेरापासून सुरू करा. मी इथेच बसलेय.”

पहिला फोन लागला तेव्हा मी चपला घालत होतो. नवीन संग्राहकांना मी हल्ली एवढंच सांगतो: आधी नाणं तपासून घ्या, मग घरच्यांवर ओरडा.