डॉक्टरीणबाईंचा रबरी मासा

डॉक्टरीणबाई गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो स्वार्थीच... आता माझी पट्टी काढताना शेजारी कोण बसणार? माझा मोतीबिंदू काढायचा होता. बाईंनी ऑपरेशनं केव्हाच सोडली होती, पण “मी येऊन बसेन,” असं कबूल केलं होतं.

बाई मुंबईच्या सरकारी रुग्णालयात डोळ्यांचं शिकल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भाईंदरला दोन खोल्यांत दवाखाना थाटला. तिथल्याच हाटकेश भागातल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या डोळ्यांत लोखंडाचा कण गेला की ते त्यांच्याकडेच धावायचे. दर बुधवारी बाई बसनं आमच्या उत्तनच्या कोळीवाड्यात यायच्या. हात सोन्यासारखा, पण स्वभाव भारी घाबरट. ऑपरेशनच्या सकाळी पेशंटपेक्षा त्यांचंच तोंड उतरलेलं असायचं.

माझ्या आईचा एक डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेला होता आणि उरलेल्यात मोतीबिंदू वाढत होता. “अजून पिकू दे,” म्हणत बाई टाळत राहिल्या. शेवटी आईनं तव्याऐवजी जाळावरच भाकरी टाकली, तेव्हा तयार झाल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “एकच डोळा आहे गं. बिघडलं तर मी काय करू?” त्यांना धीर द्यायला माझ्याकडे तरी कुठे होता? ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ मी बाहेर बाकावर पदराचं टोक चावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. उत्तन-तारोडीच्या बायकांसाठी बाईंची खास पद्धत होती. अक्षरं येत नाहीत, समोर किती बोटं धरली ते अंदाजानं सांगतात, म्हणून त्या सुकी मासळी धरायच्या. स्वतः शाकाहारी, नाकाला रुमाल लावून! त्यांनी बोंबील उचलला. “ओळखा, मावशी.”

“बोंबील,” आई झटकन म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. पण बाई वाकून बघतात तर आईचा डोळा मिटलेलाच.

“अहो मावशी, डोळा उघडा ना!”

“कशाला? वास येतोय की.”

बाई पांढऱ्याफटक पडल्या. आजवर किती जणी नाकानंच पास झाल्या असतील, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. बोंबील टाकून त्या आईच्या समोर नुसत्याच उभ्या राहिल्या. “आता सांगा. काय दिसतंय?”

आईनं डोळा उघडला. पाणी आलं. ती बघत राहिली.

“बाय,” आई शेवटी म्हणाली, “तू किती भ्यायलीस गो!”

बाई तिच्या गळ्यात पडून रडल्या.

पुढच्याच बुधवारी बाजारातून एक रबरी मासा आला आणि कायमचा त्यांच्या टेबलाच्या खणात राहिला. परवा सुनेनं तो माझ्या हातात ठेवला. उद्या माझी पट्टी निघेल. नवा डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे, त्याला कसलीच भीती वाटत नाही, आणि त्यामुळेच मला जास्त वाटतेय. मासा त्याच्या हातात देऊन सांगणार आहे, हा समोर धरा. पिशवीत टाकण्याआधी मी तो नाकाशी नेऊन पाहिला... वास नव्हता.