ओल्या बोंबलाची पाटी

मलमाचा वास आला की बोईसरचा तो जुनाट कंबरदुखीवाल्यांचा व्यायामवर्ग आठवतो. शिकवणाऱ्या मॅडम रोज विचारत, "दहापैकी किती दुखतं?" मी नाटकी कण्हत "अकरा!" म्हणायचो. शेजारच्या चटईवरची मुरबे गावची मासळीवाली मावशी मात्र म्हणायची, "ओल्या बोंबलाची पाटी हाय." पुन्हा डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायचा, एवढाच तिचा ध्यास. दोन महिन्यांनी एका सकाळी ती म्हणाली, "आज सुक्या जवल्याची." मॅडम गोंधळल्या. मी ओरडलो, "अहो, हलकं झालं तिचं दुखणं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "तू कन्हत बस, नाटक्या, मी चालली बाजारात," म्हणत ती गेली, ती पुन्हा आलीच नाही. मला आनंद झाला, अगदी खरा. पण अजूनही वाटतं, तिचं आणखी आठवडाभर दुखायला हवं होतं.