वंटमुरीच्या घाटात मी सूर्य बुडवला

मी एकदा सूर्य चांगला दीड तास आधी बुडवला. ढग नव्हते, ग्रहण नव्हतं. भर वैशाखात, लख्ख आभाळ असताना, निव्वळ माझ्या अकलेच्या जोरावर बुडवला. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण तो बुडाला म्हणून थोरल्या चुलत बहिणीला हात जोडायला लावले, तिचं अन्नपाणी सोडवलं आणि तिचं पुढचं शिक्षण त्या एका संध्याकाळवर टांगून ठेवलं. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. वयच तसं असतं, असं लोक म्हणतात. बहीण सतराची होती आणि ती तशी नव्हती, तेव्हा वयाच्या नावावर हे खपवण्यात अर्थ नाही.

आमचं घर निपाणीचं, जैनाचं, तंबाखूच्या व्यापारातलं. घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. मावळल्यावर चूल बंद, अन्नाला तोंड बंद. पाणी फडक्यानं गाळून प्यायचं. कांदा, लसूण, बटाटा हे जिन्नस उंबऱ्याच्या आत येत नसत. हे सगळं सांभाळणारी आज्जी. तिचा थोरला मुलगा म्हणजे आप्पा, माझे चुलते. आप्पांची मुलगी ती आक्का. मी धाकट्या मुलाची. माझा सख्खा भाऊ अण्णा, तो एकोणीस वर्षांचा, कोल्हापूरला कॉलेजात.

अण्णा आणि त्याचे मित्र दर उन्हाळ्यात सायकली काढून भटकायचे. एकदा गोकाकचा धबधबा, एकदा ज्योतिबाचा डोंगर. चारचार दिवस परत यायचे नाहीत आणि आले की काळेठिक्कर पडलेले, गुडघे फुटलेले, पण असे खूश की आम्हाला बघवायचं नाही. आम्हा दोघींना सायकल येत होती. शाळेतल्या एका बाईंनी शिकवली होती, त्यांच्याच सायकलवर, शाळेमागच्या मैदानात. मी शिकताना किती वेळा पडले ते विचारू नका. मैदानात एकच बाभूळ होती आणि मी दर वेळी तिलाच जाऊन धडकायची.

त्या वर्षी आक्का फायनल परीक्षा पास झाली आणि बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं म्हणाली. मास्तरीण व्हायचं होतं तिला. आप्पांची ना नव्हती, पण बेळगावात राहायचं म्हणजे होस्टेल, आणि होस्टेल म्हटलं की आज्जी मान हलवायची.

"तितं दिव्याच्या उजेडात जेवत्यात," आज्जी म्हणायची. "पोरगी चार महिन्यांत बाटंल."

आक्का रडली नाही, भांडली नाही. पंधरा दिवसांनी ती आज्जीच्या शेजारी शेंगा फोडत बसली आणि म्हणाली, "अण्णा पोरांना घेऊन बेळगावला चाललाय सायकलनं. आम्हा दोघींना धाडा. तीन दिवस बाहेर राहून नेम पाळला तर होस्टेलचं बघा. न्हाय पाळला तर मी परत नाव काढणार न्हाय."

आज्जीला सायकलीचं वावडं नव्हतं, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला पायांची काळजी नव्हती, तोंडाची होती. तिनं हातातली शेंग फोडली आणि माझ्याकडं बोट केलं. "ही बघंल तुझ्यावर. दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि पाणी गाळून. आल्यावर हिलाच इचारीन."

झालं. मी मुकादम झाले. वखारीत तंबाखूच्या बायकांवर मुकादम असतो ना, हातात छडी नसली तरी असल्यासारखा चालणारा, तसं माझं झालं. पाणी गाळायचं फडकं मी गळ्यात उपरण्यासारखं घातलं. आक्कानं ते बघितलं आणि चालवून घेतलं. तिला माझी गरज होती.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नवे टायर बघायलाही मिळत नव्हते, ट्यूबला ठिगळावर ठिगळ. आम्ही पाच जण. अण्णा, त्याचे दोन मित्र, आक्का आणि मी, आम्हा दोघींच्या सायकली भाड्यानं आणलेल्या. एक मित्र लांबट, त्याच्या ट्यूबला सोळा ठिगळं. दुसरा गोलमटोल, त्याची मावशी काकतीला. रात्री तिच्याकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी बेळगाव, असं ठरलं. पहाटे निघालो तेव्हा वेशीवर दोन म्हातारे दात घासत बसले होते. एक म्हणाला, "पोरीबी?" दुसरा म्हणाला, "पोरीच फुडं हायत की." मला इतका अभिमान वाटला की पुढचा खड्डा दिसला नाही.

सकाळ सुखाची गेली. संकेश्वरला झाडाखाली दुपार काढली. उन्हात डांबर मऊ झालं होतं आणि चाकं चर्र चर्र वाजत होती. तिसऱ्या प्रहरानंतर हत्तरगी मागं पडलं आणि लांबट मित्राच्या ट्यूबचं सतरावं भोक उघडलं. अण्णा म्हणाला, "तुम्ही दोघी फुडं व्हा. घाटाच्या पायथ्याला हीर हाय, तितं थांबा."

अण्णाच्या मनगटावर घड्याळ होतं. आमच्या मनगटावर बांगड्या.

वंटमुरीच्या घाटाच्या पायथ्याला आम्ही दोघीच पोचलो. विहिरीवर पाणी काढलं, गाळलं, प्यालो. आक्कानं डबा सोडला. दशम्या, शेंगांची चटणी, गूळ. तिनं दशमीचा तुकडा मोडला आणि त्याच वेळी मी मान वर केली.

ऊन नव्हतं. रस्त्यावर नव्हतं, विहिरीवर नव्हतं, समोरच्या माळावर नव्हतं. वाऱ्याला गारवा आला होता. एक म्हातारी दोन म्हशी घेऊन घरी निघाली होती. मी पश्चिमेला बघितलं. तिथं नुसता डोंगर.

"आक्का, थांब," मी म्हणाले. "बुडला."

"काय बुडला?"

"सूर्य."

आक्कानं वर बघितलं. "अगं आभाळ तर पांढरं हाय अजून."

"बुडल्यावर थोडा वेळ तसंच असतंय. म्हशी घरी चालल्यात, दिसंनात व्हय?"

म्हशीला वाटेल तेव्हा ती घरी जाते, हे मला पुढं लग्न होऊन सासरी गोठा बघितल्यावर कळलं. त्या दिवशी म्हैस म्हणजे माझं घड्याळ होतं.

आक्काच्या हातात घास तसाच. पहाटेपासून पस्तीस मैल सायकल मारून आलेली मुलगी, दुपारी दोन दशम्यांवर निघालेली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मुकादम होते. मी फडकं सावरलं.

"ठेव," मी म्हणाले.

तिनं घास डब्यात ठेवला. मग मी जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला पूर्वेकडं तोंड करून उभं केलं, णमोकार मंत्र म्हणायला लावला आणि उद्याच्या सूर्योदयापर्यंत अन्नाचा त्याग घ्यायला लावला. वर म्हणाले, "पाण्याचाबी." रात्रीचं पाणी सोडायचं आज्जीनं नावही काढलं नव्हतं. ती स्वतः रात्री पाणी प्यायची. पण मला वाटलं, आता करायचंच आहे तर भरभक्कम करू, आज्जी खूश होईल. आक्कानं हात जोडले. तिच्याबरोबर मीही जोडले, एवढं मात्र माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते.

पंधरा मिनिटांत पोरं आली. आम्ही डबा पुढं सरकवला. आम्ही जेवून घेतलं असं त्यांना वाटलं आणि आम्ही ऐटीत गप्प राहिलो. गोलमटोल मित्रानं सात दशम्या खाल्ल्या. सातवी खाताना म्हणाला, "चटणीत लसूण न्हाय तरी चव हाय." अण्णानं घड्याळ बघितलं असणार, पण आमच्याकडं बघायचं त्याला कारण नव्हतं.

मग घाट. सायकली ढकलत चढायचं. निम्म्यात माझी जीभ टाळ्याला चिकटली. आक्का पुढं होती, तिच्या पाठीवर पोलक्याला घामाचा मोठा डाग. शेवटचं वळण आलं. ती वळली आणि थांबली. मी तिच्या मागच्या चाकाला धडकले.

समोर सूर्य होता.

चांगला कासराभर वर, घागरीएवढा, तांबडा. सगळा माळ उन्हात न्हालेला. झाडांच्या सावल्या लांब पडल्या होत्या, पण सावल्या होत्या. मी इतका वेळ त्याच्याकडं बघितलं की डोळ्यांपुढं हिरवे ठिपके नाचायला लागले. ठिपके गेले, तो तिथंच.

आक्का सायकलच्या दांडीवर डोकं टेकून उभी राहिली. मला वाटलं रडते आहे. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत.

पोरांना सगळं सांगावं लागलं. अण्णानं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. पावणेसहा वाजले होते. "अजून तास हाय," तो म्हणाला. "चुकून घेतलेला त्याग काय त्याग असतोय? गाठोड्यात गूळ हाय, खा. पाणी प्या."

आता माझ्या तोंडचं मुकादमपण गेलं होतं. मी म्हणाले, "आक्का, खा. मी आज्जीला सांगत न्हाय. देवाशपथ न्हाय सांगत."

"आज्जीला सांगशील न्हायतर न सांगशील," आक्का म्हणाली, "मी हात जोडल्यात. पयल्याच दिवशी पळवाट काढली तर तितं होस्टेलात रोज एक सापडंल मला." मग सायकलवर बसता बसता म्हणाली, "तू बुडवलास न्हवं? आता उद्या येळेवर उगवव म्हणजे झालं."

काकतीला पोचलो तेव्हा खरोखरीची दिवेलागण होत होती. मित्राची मावशी शेतकऱ्याघरची बाई, तिनं आमच्यासाठी मुद्दाम बिनलसणाचं वरण केलं होतं. आम्ही नको म्हटल्यावर ती तांब्या घेऊन समोर बसली.

"पाणीबी न्हाय? पोरी घामानं निथळायल्यात आणि पाणीबी न्हाय? असला कसला गं द्येव तुमचा?"

"द्येव चांगला हाय मावशी," आक्का म्हणाली. "बहीण वंगाळ हाय."

सकाळी सूर्य वर आला, चांगला वर आला, याची मी घरावर चढून खात्री केली. मग मावशीनं माझ्या देखत पाणी गाळलं. आक्का तांब्यावर तांब्या प्याली. त्यानंतर मी कधी कुणाला पाणी पिताना इतका वेळ बघत उभी राहिलेली नाही.

बेळगावात आम्ही शहापुरातल्या दूरच्या नात्यातल्या काकूंकडं उतरलो. गल्लीभर हातमागांचा खडखड आवाज, बोलायचं तर ओरडून. दुपारी आक्कानं मला हाताला धरून कॉलेजच्या होस्टेलवर नेलं. सुट्टी होती, फाटकात फक्त स्वयंपाकीणबाई तांदूळ निवडत बसली होती. ती कानडी, आक्काचं कानडी माझ्याहून बरं. आक्कानं विचारलं, संध्याकाळी जेवण किती वाजता? बाई म्हणाली, साडेसातला. आक्काचा चेहरा उतरला. बाईनं मान वर करून तिला नीट बघितलं आणि विचारलं, जैनाची का? मग म्हणाली, चिकोडीच्या दोघी आहेत, त्यांची ताटं मी पाचलाच बाजूला काढते, तिसरं काढायला मला काय जड आहे? आक्का उगीचच खाली बसली आणि तिचे तांदूळ निवडू लागली. मीही बसले. त्या दिवशी मी निवडलेल्या तांदळात किती खडे राहिले असतील ते त्या बाईलाच ठाऊक.

परतीच्या वाटेवर वंटमुरीचा घाट उताराचा. आक्का ब्रेक न दाबता सुटली, पदर खोचलेला, वेणी मागं उडत. मी मात्र डोंगराकडं बघत दोन्ही ब्रेक आवळून उतरले. आज्जी विचारणार. खरं सांगितलं तर ती म्हणणार, पोरींना घराबाहेर सूर्यसुद्धा दिसत नाही, चालल्यात होस्टेलात. खोटं सांगितलं तर आक्काचं काम होणार. पायथ्याच्या विहिरीवर मी तिला विचारलं, काय सांगू?

"मला काय इचारतीस?" ती म्हणाली. "मुकादम तू."

घरी आलो तेव्हा आज्जी अंगणात शेवया करत होती. पाट बाजेला टेकवलेला, हातावर पिठाची लोळी. आप्पा ओसरीवर बसले होते. आज्जीनं मान वर केली नाही.

"पयल्या दिवशी कवा जेवला?"

मी सगळं सांगितलं. म्हशी, डोंगर, त्याग, सात दशम्या, घाटमाथ्यावरचा सूर्य. देवाशपथ घेऊन न सांगायचं कबूल केलं होतं, तेही सांगितलं. आज्जीच्या हातातली शेवई तुटली नाही. माझं संपल्यावर तिनं आक्काला विचारलं, "पाणीबी घेतलं न्हाईस?"

"न्हाय."

"पाण्याचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय," आक्का म्हणाली. "माझी मीच हात जोडले."

"मी सांगितलं," मी म्हणाले. "ती खोटं बोलती."

आज्जीनं हातातली शेवई काठीवर टाकली. पदरानं तोंड पुसलं, म्हणजे पुसल्यासारखं केलं, कारण पदराआड तिचे खांदे आक्कासारखेच हलत होते. मग ओसरीकडं वळून म्हणाली,

"आप्पा, थोरलीला जूनपास्नं होस्टेलात धाड, ती कुटंबी गेली तरी नेम सांभाळंल. ह्या धाकटीला मातर घरातनं हलवू नगंस, न्हायतर अख्खं होस्टेल दिवसाढवळ्या उपाशी मारंल."