पैलवानाचा खुराक

आखाड्याच्या मातीत ताक ओततात, हे लग्न होईपर्यंत मला माहीत नव्हतं. सांगवीहून मी चाकणच्या अलीकडच्या एका गावात सून म्हणून आले, आणि हळद निघते न निघते तोच आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताकाची भरलेली कळशी तालमीकडे धाडली. पोरं जोर-बैठका काढून दमत असतील, त्यांना प्यायला असेल, असं मला वाटलं. ताक मातीत गेलं. वर तेल, हळद आणि लिंबं. त्याने माती मऊ राहते म्हणे, पैलवानाचं अंग खरचटत नाही. मी चाटच पडले. घरात आम्ही बायका कोरड्या भाकरीवर पाणी पीत होतो आणि तिकडे माती ताक पीत होती.

पन्नास साल उलटून चार-सहा वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते, आणि माझ्या नवऱ्याला त्यातल्याच एका कारखान्यात काम लागलं होतं. म्हणून तर माझ्या वडिलांनी, आबांनी, हे स्थळ पसंत केलं. घरात माणसं चारच. आत्याबाई, माझे थोरले दीर, माझा नवरा आणि मी. सासरे केव्हाच गेलेले. थोरले पैलवान होते, जत्रेतली शेवटची कुस्ती मारायची आणि मगच बाशिंग बांधायचं असा त्यांचा पण होता. कारभारही त्यांच्याच हातात, घरात काय आलं आणि काय गेलं ते त्यांनाच ठाऊक. दोन म्हशींचं दूध मात्र कुठे जातं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते थोरल्यांच्या पोटात जायचं.

आणि ते आटवायचं काम माझं. दूध आटवा, बदाम उगाळा, तूप घाला, पितळी लोटा भरून मागच्या खोलीत ठेवा. ठेवून झालं की मान खाली घालून बाहेर यायचं आणि दार ओढून घ्यायचं. मग थोरले आत जायचे. पैलवानाचं पिणं कुणी बघायचं नाही, असा त्या घरचा दंडक होता. बघितलं की नजर लागते आणि प्यालेलं अंगी लागत नाही. आत्याबाई स्वतः सख्ख्या आई, पण त्याही तोंड फिरवून बसायच्या. मी मनात म्हणायची, बाई गं, तुमच्या लोट्याला नजर लावायला मला सवड कुठे आहे? मला चहात दोन थेंब पडले तरी पुष्कळ झालं.

दुधाचं एक वेळ सोसलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं होतं. माझा नवरा माझ्याजवळ झोपत नव्हता. लग्नानंतर महिना-दीड महिना सगळं ठीक होतं, आणि मग एके दिवशी हे घोंगडी घेऊन बाहेर ओट्यावर गेले. म्हणाले, आत उकडतं. पौषात उकडतं? कुडकुडत्या थंडीत? मी तोंडात बोट घातलं. पुढे ताटही वेगळं झालं, तांब्याही वेगळा झाला. माझ्या हातचा घास आवडीने खायचे, माझ्या थट्टेला पोट धरून हसायचे, आणि दिवस मावळला की ओटा गाठायचे. घरात पैलवान थोरले, आणि लंगोट आवळून बसले होते धाकटे. मी त्यांच्या मनात भरले नाही, एवढाच अर्थ मला लागत होता. रोज सकाळी भाकरी बांधून घेऊन हे सायकलवर निघायचे तेव्हा मी दाराआड डोळे पुसायची.

त्यातच हे गुटगुटीत होत चालले. कारखान्यात राबून माणूस वाळतो असं मी ऐकलं होतं. यांचे गाल वर आले, मनगटं भरली. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "पिंपरीचं पानी मानवलं माज्या लेकाला." मला वाटायचं, बायकोशिवाय यांचं चांगलंच चाललंय म्हणायचं.

चैत्रात जत्रा आली. आबा पाहुणे म्हणून सांगवीहून आले होते. शेवटची कुस्ती थोरल्यांची, जोडीला देहूकडचा एक पैलवान. आम्ही बायका आखाड्याकडे जात नसू. घरी पुरण वाटत हलगीवर कान ठेवून बसलो होतो. हलगी एकदम थांबली आणि गावातून हूं का चूं नाही. आत्याबाईंचा हात पाट्यावरच राहिला. मग शेजारचा गडी सांगत आला, पैलवानाचा दमच तुटला, पहिल्या झोंबीतच धाप लागली आणि चितपट झाला. एवढं दूध, एवढं तूप, पहाटेपासून एवढी मेहनत, आणि धाप लागली? कुणाचा विश्वास बसेना. माझाही बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मला ओसरीवर बोलावलं. आबा खांबाला टेकून बसले होते, थोरले घोंगडीवर पडलेले, हे उंबऱ्यात उभे.

"दूद कोन न्हेतं आत?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी."

"मागं वळून बगितलंस कवा?"

"न्हाई, आत्याबाई."

"तुजीच नजर लागली. घरात आल्यापासनं त्या लोट्याकडं बगतीस. पावनं, लेकीला चार महिनं घिऊन जावा. माज्या पैलवानाचं बस्तान बसू द्या, मग बगू."

चार महिने म्हणजे काय ते मला कळत होतं. नवरा जवळ घेत नाही, सासू घालवते, अशा बायकोला परत कोण आणतं? मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. मला त्यांचा इतका संताप आला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात थोरले उठून बसले. "आये, तिचा काय दोष न्हाई. म्या दूद प्यालोच न्हाई."

"आँ?"

"पौसापासनं एक घोट न्हाई. मागल्या दारानं धाकट्याला देत हुतो. त्याच्या छातीत डाग हाय."

आत्याबाईंचा हात आपला आपण गळ्याकडे गेला. "कसला डाग? कुनाचा डाग मोडलासा रं?"

माझाही हात गळ्यातल्या पोतीवर गेला होता, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे डाग म्हणजे दागिना. मला वाटलं, भावाभावांनी मिळून सोनंनाणं विकलं.

"सोन्याचा न्हवं," थोरले म्हणाले. "फुप्फुसावर. कंपनीच्या डाक्टरनं छातीचा फोटू काढला, त्यात दिसला."

त्या रोगाचं नाव त्या काळी कुणी तोंडाने उच्चारत नसे, थोरल्यांनीही उच्चारलं नाही. मला ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. उकडत नव्हतं तर. ताट वेगळं, तांब्या वेगळा, ओटा, घोंगडी. एकेक गोष्ट येऊन थोबाडीत मारावी तशी लागत गेली.

थोरले सांगत राहिले. डॉक्टरने सुया लिहून दिल्या आणि बजावलं, दूध-तूप भरपूर, झोप उघड्यावर, आणि डाग जाईपर्यंत काडीचं काम नाही. कंपनीनेही घरी बसायला सांगितलं. पण शेतकऱ्याच्या घरात तरणाताठा गडी दिवसाउजेडी अंथरुणावर पडला तर गाव काय म्हणेल? तेव्हा दोघांनी मिळून तोड काढली. हे सकाळी भाकरी घेऊन सायकलवर निघायचे आणि गावाला वळसा घालून तालमीच्या मागच्या अंगाला यायचे. तालीम दिवसभर रिकामी. बाईमाणसाला तिथे पाऊल टाकायची बंदी, त्यामुळे घरातलं कुणी फिरकायची भीती नाही. तिथे कडुलिंबाखाली हे संध्याकाळपर्यंत पडून असायचे. अख्खं गाव जिथे घाम गाळायला जातं, तिथे माझा नवरा चार महिने झोपा काढत होता. हसावं की रडावं ते मला कळेना.

"आन् तू?" आत्याबाईंनी थोरल्यांना विचारलं. "तू काय खात हुतास?"

"भाकरीच की. जोर काय भाकरीवर बी निगत्यात."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुज्या तोंडात तीळ भिजत न्हाई, आये. गावभर झालं असतं. हिच्या आबांनी हिला न्हेली असती. धाकटा म्हनला, तिला तेवडं कळू देऊ नगा."

आत्याबाई त्यांच्याजवळ सरकल्या. थोरल्यांच्या अंगाकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं असेल. गळ्याची हाडं वर आलेली होती. त्यांना हाडं दिसली, मला दिसली, इतके दिवस कुणालाच कशी दिसली नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. पैलवान म्हटलं की आम्ही पैलवानच बघत होतो.

आबांनी पटका डोक्याला गुंडाळला आणि ते उभे राहिले. ते वाईट मनाचे नव्हते, पण त्यांचं एक लेकरू आधीच त्या रोगाने गेलं होतं. "ऊठ," ते मला म्हणाले. "सामान घे तुजं."

मी उठायच्या आत हे घरात गेले आणि माझी पत्र्याची ट्रंक उचलून ओसरीवर आणून ठेवली. ती भरलेली होती.

"कवा भरली?" मी विचारलं. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तेव्हा रीत नव्हती, पण मला रीतभात काही सुचत नव्हतं.

"काल. कुस्ती झाल्यावर." ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "आता कळनारच हुतं."

चार महिने मी दाराआड रडले ते रोगासाठी नव्हतं. आणि रोग कळला तेव्हा जेवढा धक्का बसला नाही, तेवढा त्या ट्रंकेने बसला. हा माणूस मला विचारायलाही तयार नव्हता. मी जाणार असं त्याने परस्परच ठरवून टाकलं होतं.

"आबा," मी म्हटलं, "तुमी जेवून जावा. पुरन हाय कालचं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. नंतर त्यांनी पुन्हा खांबाशी बसून पटका सोडून मांडीवर ठेवला. आत्याबाई पदर तोंडाला लावून चुलीकडे गेल्या.

मी ट्रंक ओढत आत नेली आणि उघडली. माझी लुगडी, चोळ्या, फणी, आरसा, लग्नातला करंडा, सगळं घडी घालून लावलेलं. कारल्याचं वाळवलेलं बीसुद्धा, जे मी माहेरून आणून फडताळात ठेवलं होतं. माझं म्हणून काही त्या घरात मागे राहिलेलं नव्हतं. मला रडू आवरेना. हे दारात येऊन उभे राहिले, आत येईनात.

"येक तरी चोळी ठिवायची हुती मागं," मी म्हटलं.

"ठिवली हुती," ते म्हणाले. "मग परत ट्रंकंत घातली."