त्यांच्याऐवजी मी गेले

हिंगोलीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या हे म्हणाले, "पाणी पिऊन येतो, तू इथंच थांब." मी थांबले. नांदेडची गाडी लागली, गेली. परभणीची लागली, तीही गेली. तेव्हा कळलं, हे पाणी प्यायला गेलेले नाहीत.

डोंगरकड्याला आमचं दुकान आहे, जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं. विहिरीवरची मोटर बंद पडली की लोक ह्यांच्याकडंच आणायचे. तांब्याची तार ह्यांच्या बोटांतून अशी सरसर बसत जायची की बघत राहावं. पुढं पुढं सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय ती बोटं चालेनात. मोटारी दुकानात पडून राहू लागल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिंगोलीत रविवारी दुपारी दारू सोडू बघणाऱ्यांची बैठक भरते, हळद मार्केटच्या मागं एका शाळेत. नावगाव कुणी विचारत नाही. किती रविवार मी मागं लागले, तेव्हा हे त्या दिवशी गाडीत बसले होते.

आता एकटी परत काय जाऊ? आणि शोधू तरी कोणत्या गुत्त्यात? पाय एका जागी ठरेनात. स्टँडला चकरा मारल्या, मग रस्त्याला लागले, आणि चालता चालता मार्केटकडंच वळले. एका पानवाल्याला शाळा विचारली.

"आज इतवार है बाई, स्कूल बंद."

बैठक म्हणायला जीभ रेटेना. "ती... माणसं जमतात ती," मी म्हणाले.

"अच्छा, वो शराबवालों की!" तो इतक्या मोठ्यानं बोलला की बाकड्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मी पदर ओढला आणि त्यानं दाखवलेल्या बोळात शिरले.

लेकरांचे बुटके बाक, त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले बाप्ये. मी दारातच उभी राहिले. पांढऱ्या मिशांचे एक काका उठून आले.

"या ताई. मालक आलेत का?"

"आले व्हते. स्टँडवरून गेले."

"जातेत," ते म्हणाले, जणू गाडीबद्दलच बोलत होते. "घरच्यांनाही बसता येतं इथं. या आत."

तांड्यावरचा एक माणूस बोलत होता. हळद पॉलिश करतात तिथल्या भुश्शात तो पिऊन झोपला होता. "सकाळी उठून बघतो तर नवरदेवावानी पिवळा!" सगळे हसले. तोही हसला. माझा पाय बाकाखाली नुसता हलत होता. काय झालं कळलं नाही, मी उठून उभी राहिले.

"तुमाला हसू येऊन राहिलं? त्या रात्री तुमची बायको कुठं व्हती ते सांगा की."

 तो माणूस खाली बघत म्हणाला, "बाभळीखाली बसली व्हती ताई, लेकरं घेऊन. मी आलो तर, म्हणून घरात जायला भेत व्हती."

असं उत्तर मला नको होतं. खाली बसावं तर बसवेना. मग उभ्या उभ्याच सांगत गेले. गिऱ्हाइकाला म्हणते, मालक तापीनं पडलेत. आईला म्हणते, सगळं बराबर आहे. घशाला कोरड पडली तेव्हा थांबले. कुणी शहाणपण शिकवलं नाही. कुणीतरी चहाचा कप पुढं सरकवला.

हे स्टँडवरच सापडले, बाकावर आडवे. घरी आणलं. पुढच्या रविवारी मी एकटीच गेले.

"कुठं गेलती?" आल्यावर ह्यांनी विचारलं.

"बैठकीला."

"मी नसताना?"

"व्हय."

आता अस्वस्थ व्हायची पाळी ह्यांची होती. आठवडाभर घोर लागला. जेवताना, झोपताना एकच. "तिथं माझ्याबद्दल काय सांगतीस?" "जे हाय ते." रविवारी हे दाढी करून माझ्याआधी स्टॉपवर हजर. "मी फक्त ऐकायला चाललो," म्हणाले.

हे मागच्या बाकावर बसले. मी मुद्दाम मोटारीचं सांगितलं. ह्यांनी गिऱ्हाइकासमोर रागानं मोटर फेकली, गिऱ्हाईक कायमचं तुटलं.

"खोटं हाय," हे मागून म्हणाले. सगळे वळले. "रागानं न्हाई फेकली. हात कापून राहिले व्हते. त्याला दिसू नये, म्हणून फेकली."

एवढी वर्षं मी त्या रागाला भीत आले होते. वळून ह्यांच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

तिथून पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. भाच्याच्या लग्नात ह्यांनी पुन्हा घेतली, पुन्हा बैठकीत जाऊन सांगितलं. आता बरेच दिवस हे कोरडे आहेत, मोटारी भरतात. माझ्या जिवाला मात्र अजून स्वस्थता नाही. परवा हे वसमतला तार आणायला गेले, यायला उशीर झाला. मी सारखी घर ते स्टॉप करत होते. हे गाडीतून उतरले, खांद्यावर तारेचं बंडल.

"काहून इथं उभी?"

"उगंच," मी म्हणाले आणि जरा जवळ सरकून वास घेतला. ह्यांना कळलं. थांबले, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडावर फुंकर मारली.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले, आणि बंडलाची एक बाजू धरली.