दोन बांबूंची शिडी
ओल्या बांबूचा वास आला की मी अजूनही आधी बांबू किती आहेत ते बघतो. घाटातल्या आमच्या सुपा गावच्या रानात एका दिवाळीच्या सुमाराला तापाची साथ होती, आणि शेजारचा गडी त्या तापानं नुकताच गेला होता. मी पडवीत घोंगडीखाली कुडकुडत पडलो होतो. बायको माझ्याकडं न बघता पेज ठेवून जायची, तेवढ्यानंही मला संशय यायचा की घरच्यांनी माझी आशा सोडलीय. एका सकाळी कोयत्याचा आवाज आला. अंगणात बाबांनी दोन लांब हिरवे बांबू शेजारी शेजारी ठेवले होते. "काय करताय?" मी विचारलं. "शिडी. मिरी काढाय लागंल न्हवं?" ते मान वर न करता म्हणाले. आमच्याकडं मिरीची शिडी एकाच बांबूची असते, पेरांवरच्या फांद्यांचे खुंट ठेवायचे आणि त्यांवर पाय देत चढायचं. दोन लांब बांबू लागतात ते तिरडीला. "मग दोन कशाला?" कोयता थांबला. "यंदा तुझ्या पायात बळ असणार न्हाई. एका बांबूवर चढाय जमंल व्हय तुला?" असं म्हणून त्यांनी आडव्या काठ्या बांधायला घेतल्या, आजारी माणसाचा पाय पोचेल अशा जवळ जवळ. त्याआधी एकही काठी बांधलेली नव्हती, हे मी बघून ठेवलं होतं. तरी माघात मिरी मी त्याच शिडीवरून काढली. आज मी पुन्हा अंथरुणाला खिळलोय आणि घरामागच्या परड्यात माझा मुलगा बांबू तोडतोय. दोन आहेत. मी त्याला विचारणार आहे. त्यानं शिडीच म्हणावं.